‘ब’ला चिकटलेला ‘अ’

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेत फोनिक्सने वाचायला शिकवतात. घरी मी ‘बी-ए-टी, बॅट’ असं म्हणून घेते, तर ती म्हणते, “आई, असं नसतं!” आजीला व्हिडिओ कॉलवर तिला मराठी शिकवायचंय. दोन्ही एकदम केलं तर गोंधळ होईल का?

उत्तर : लेक बरोबर सांगतेय. ‘बी-ए-टी’ कितीही भरभर म्हणा, त्यातून ‘बॅट’ निघत नाही. ती अक्षरांची नावं झाली. फोनिक्समध्ये मूल आवाज जोडतं : ब्-ॲ-ट्.

इथेच आपण मराठी आईबाबा अडखळतो. आपल्या तोंडी व्यंजन सुटं येतच नाही, ‘अ’ चिकटूनच येतो. मग मुलीच्या कानावर ‘बअ-ॲ-टअ’ पडतं आणि ती प्रामाणिकपणे ‘बअॅटअ’ असं काहीतरी म्हणते. व्यंजनाचा पाय मोडा. ‘स्स्स्’ सापासारखा, ‘म्म्म्’ ओठ मिटून. स्, म्, न्, फ् लांबवता येतात, म्हणून ‘सन’, ‘मॅन’, ‘फॅन’ असे शब्द आधी घ्या : स्स्स्-अ-न्न्न्. ब्, ट्, क् लांबवता येत नाहीत. ते झटकन म्हणून सोडायचे.

ए टू झेडचा क्रम घरी लावून धरू नका. बऱ्याच शाळा एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी सुरुवात करतात, कारण तेवढ्यावर ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’ वाचता येतात. शाळेचा क्रम विचारून घ्या आणि तोच ठेवा. पुढे गाडी जरा अवघड वळणावर जाते : अक्षरं २६, आवाज साधारण ४४. ‘सेड’, ‘वॉज’सारखे शब्द आवाज जोडून नीट लागत नाहीत, तिथे सरळ सांगून टाका.

घरी निरर्थक शब्दांची यादी आली तर दचकू नका. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची जी फोनिक्स चाचणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी निम्मे मुद्दाम बनवलेले असतात. मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय, ते त्यावरून कळतं. चित्र बघून शब्द ओळखणं म्हणजे वाचन नव्हे, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

आता आजी. खुशाल शिकवू द्या, पण मराठीच. इंग्रजी शाळेवर सोडा. आवाज जोडून शब्द होतो हे एका लिपीत उमगलं की दुसरीतही कामी येतं. फक्त पहिल्याच दिवशी अख्खी बाराखडी नको. म, क, न, र आणि काना एवढ्यावर ‘मामा’, ‘काका’, ‘नाक’, ‘कान’ होतात. मग दुसरी वेलांटी : ‘मामी’, ‘काकी’. पहिली वेलांटी बरीच नंतर घ्या. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि म्हणताना नंतर, त्यामुळे डावीकडून एकेक आवाज जोडायला शिकलेली मुलगी ‘कि’ पाहून आधी ‘इ’ म्हणणार. आजीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॉलवर उगाच “अगं, नीट बघ!” सुरू होईल.

दहा मिनिटं पुरेत. कंटाळली की पुस्तक मिटा. शाळेत बरेच महिने शिकवूनही ‘सन’चा पहिला आवाज कोणता हे तिला ऐकून ओळखता येत नसेल, तर शिक्षकांशी बोला आणि एकदा कान तपासून घ्या.