एवढ्याशा त्रासासाठी यायचं का?

फोनवर नाव सांगण्याआधीच लोक माफी मागतात. ‘मॅडम, तसं फार मोठं काही नाहीये, पण…’ समुपदेशक म्हणून गेल्या 22 वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्या ‘पण’नंतरच्या शांततेकडेच माझं लक्ष असतं. वेडं ठरवतील ही भीती पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. तिच्या जागी ही शंका येऊन बसली आहे: माझा त्रास तेवढा मोठा आहे का?

याचं उत्तर मला एका अंगणवाडी सेविकेने दिलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. गावात सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणते. तीनदा फोन लावून त्यांनी ठेवून दिला होता. चौथ्यांदा वेळ ठरवली आणि आल्या त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते, तक्रार नाही. फक्त पहाटे तीनला झोप उडते. आणि परवा एका पोरावर एवढी ओरडले, की ते थरथर कापायला लागलं.” डोळे भरून आले. लगेच पुसून म्हणाल्या, “माझ्या शेजारणीचा तरणा मुलगा गेला, मॅडम. ती उभी आहे. माझं काय एवढं?”

त्या दिवशी मी सल्ला दिला नाही. झोप, भूक, काम, घरातली माणसं यांबद्दल विचारलं. थायरॉईड आणि रक्ताची तपासणी करून घ्या म्हटलं, कारण थकव्याचं मूळ कधी कधी शरीरात असतं. ताई थोड्या हिरमुसल्याच. पहिल्या भेटीत औषधासारखं काहीतरी हातात मिळेल असं पुष्कळांना वाटतं.

तिसऱ्या भेटीत मी सहज त्यांच्या कामाबद्दल विचारलं. मुलांचं कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजता, ती पट्टी कशी वापरता?

“सोपं आहे. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्याखाली लाल.”

“पिवळा आला की?”

“आईला बोलावते. घरी जाते, खाणं-पिणं बघते, परत परत मोजते.”

“लाल व्हायची वाट नाही बघत?”

“छे! मग आपण कशाला आहोत तिथे?”

“आणि आई म्हणाली, शेजारणीचं पोर लालमध्ये आहे, माझं तर नुसतं पिवळंच आहे, तर?”

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. खिडकीतून एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू येत होती, ती संपली, दुसरी सुरू झाली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं, याचं मला आजही समाधान आहे. कारण मग त्याच म्हणाल्या, “दीड वर्ष मी पिवळ्यात आहे, मॅडम. आणि मला कुणी मोजलंच नाही. मीसुद्धा नाही.” पर्स मांडीवरून खाली ठेवली ती तेव्हा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भर असतो: त्रास देणारा हट्टी विचार पकडायचा आणि तपासून बघायचा. मी माणसाच्या वाक्यातला ‘च’ शोधते. ‘मला सहन करता आलंच पाहिजे.’ ताईंचा ‘च’ इतका जुना होता की तो त्यांना स्वभाव वाटत होता. पुढच्या भेटींत आम्ही त्याच्यावरच काम केलं. नणंदेने महिन्यातले आठ दिवस सासूबाईंना सांभाळायचं ठरलं. ताईंनी ते स्वतः, न रडता मागितलं.

तुम्हीही असेच फोनपाशी घुटमळत असाल, तर काही गोष्टी आधीच सांगते. एक भेट साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. फी किती, अंदाजे किती भेटी लागतील, शिक्षण काय झालंय, हे बेधडक विचारा. चांगला समुपदेशक रागावत नाही. तुमचं बोलणं गुप्त राहतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच त्याला अपवाद, आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते. औषधं लिहून देणं मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे, गरज वाटली तर आम्ही त्यांच्याकडे पाठवतो. पहिल्या एक-दोन भेटींनंतर हलकं वाटण्याऐवजी गळून गेल्यासारखं वाटू शकतं. साचलेलं हलवलं की तसं होतं, घाबरून सोडू नका. पण तीन-चार भेटींनंतरही ऐकून घेतलं जातंय असं वाटलं नाही, तर तसं सांगा किंवा समुपदेशक बदला. त्यात अपमान कुणाचाच नाही.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र वेळ ठरवत बसू नका. घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा, जवळचं रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो, मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. सासूबाई गेल्या होत्या. यावेळी माफी नव्हती. “मॅडम, हिरव्यातून पिवळ्यात उतरतेय असं वाटतंय. कधी येऊ?”

शुक्रवारी साडेअकराची वेळ दिली.