गणिती 'नमुना' नव्हे, प्रतिमान

प्रश्न (मिरजेहून): 'औषधाचा रोजच्या वापरात किती गुण येईल, याचं भाकीत करणारा गणिती नमुना' या वाक्यात 'गुण' बरोबर की 'परिणामकारकता'?

चूक 'गुण'मध्ये नाही, 'नमुना'त आहे. औषधाच्या बातमीत रक्ताचे नमुने आधीच असतात. वर 'नमुन्यांवरून नमुना तयार केला' असं छापलं की वाचकानं काय समजायचं? नमुना फारसी, मूळ क्रियापदाचा अर्थ दाखवणं. सांगलीत हळदीच्या सौद्याला पोत्यातून काढून दाखवतात ती मूठ म्हणजे नमुना. शब्द उत्तम आहे, फारसी म्हणून त्याला हाकलणारे शुद्धिवादी साफ चुकतात. पण तुमच्या वाक्यात तो इंग्रजी 'मॉडेल'साठी आलाय, आणि मॉडेल दाखवत नाही, मापतं.

म्हणून प्रतिमान. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात 'तुलामानं प्रतीमानं' असं येतं. तिथे प्रतीमान म्हणजे तराजूत टाकायची वजनं, आणि ती दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत अशी राजाला आज्ञाही आहे! मॉडेलही वजनंच टाकतं, गणितात त्यांना भारांक म्हणतात, म्हणजे कोणत्या गटाला किती धरायचं ते. समजा, चाचणीत औषधानं पासष्टीच्या आतल्यांचा रक्तदाब सरासरी 10 अंकांनी उतरला, वरच्यांचा 6 नं. चाचणीत वयस्क 20 टक्केच, म्हणून सरासरी 9.2. दवाखान्यात येणाऱ्यांत ते निम्मे असतील, तर नवे भारांक लावून उत्तर येतं 8. चुकवलेल्या गोळ्या, मूत्रपिंडाचं काम, सोबतची औषधं यांचा हिशेब त्यानंतर. चाचणीत पंच्याहत्तरीपुढचं कुणी घेतलंच नसेल, तर त्यांच्यासाठी टाकायला वजनच नाही. दवाखान्यातल्या नोंदीही फसवतात: जालीम औषध जास्त आजारी माणसालाच दिलं जातं, मग कागदावर तेच कमी गुणाचं दिसतं. दुखण्याची तीव्रता हिशेबात धरली नाही तर प्रतिमान खोटं. आणि रुग्ण बदलले, सोबतची औषधं बदलली की वजनं पुन्हा तपासायची, मनूच्या राजासारखी.

'भाकीत'ही काढा, 'अनुमान' लिहा. मात्रा, परिमाण, प्रतिमान, अनुमान, प्रमाण: सगळी 'मा' म्हणजे मापणे या एकाच धातूची लेकरं. गोळीच्या मात्रेपासून पुराव्यापर्यंतचं अख्खं काम एका धातूनं पेललंय. 'प्रतिमान जड आहे' म्हणणाऱ्या संपादकांनी खुशाल 'मॉडेल' लिहावं, मात्र 'नमुना' लिहू नये.

राहिला 'गुण'. चाचणीतल्या काटेकोर देखरेखीखाली दिसते ती परिणामकारकता, रोजच्या वापरात येतो तो गुण. तुमच्या वाक्यात गुणच हवा.