वायफायचा झोत टॉर्चसारखा एकाच दिशेने सोडता येतो का?

तुमचा प्रश्न असा: दिंडोरीजवळ घर, किलोमीटरभर लांब द्राक्षमळा, राउटरमागे स्टीलची परात उभी केली तर मळ्यात नेट मिळेल का? परातीने नाही मिळणार. झोत मात्र सोडता येतो. नाशिकच्या आसपास मळ्यांवर असल्याच लिंक जोडून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रकाश आणि रेडिओ लहरी एकाच जातीच्या, आरशावरून परततातही एकाच नियमाने. फरक आहे तो तरंगलांबीचा. प्रकाशाची मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, 5.8 गिगाहर्ट्झच्या वायफायची सुमारे 5 सेंटिमीटर. आरसा तरंगलांबीच्या जितका पट मोठा, तितका झोत अरुंद. टॉर्चचा 5 सेंटिमीटरचा आरसा प्रकाशाच्या लाखपट असतो. तरी झोत पसरतो, कारण दिवा म्हणजे काही बिंदू नव्हे. वायफायसाठी 30 सेंटिमीटरची डिश जेमतेम सहापट. त्यामुळे उत्तम पॅराबोला (समोरून येणाऱ्या लहरी एका बिंदूत, केंद्रात, गोळा करणारा वाडग्यासारखा आकार) असूनही झोत 12 अंशांच्या आसपास, म्हणजे किलोमीटरवर दोनशे मीटर रुंद. तुमच्या परातीचा तर तळच सपाट, तिला केंद्र कुठलं?

लांब लहरींचा एक फायदाही आहे. आरसा गुळगुळीत लागत नाही, अखंडही लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत, त्या चक्क तारेच्या जाळीच्या. भोकं तरंगलांबीपेक्षा खूप लहान असली की लहरीला ती जाळी पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो. गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशचा रंगही मुद्दाम मंद ठेवतात. रेडिओसाठी तो आरसाच, पण ऊन त्यावर विखुरतं आणि समोरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल गोळा करणारा डबा, भाजत नाही.

आता तुमचं काम. डिश दोन्ही टोकांना हवी, कारण मळ्यातल्या मोबाईलचं बारीक बोलणं घरच्या राउटरला ऐकूही यायला पाहिजे. जी डिश एका दिशेने बोलते ती त्याच दिशेचं जास्त ऐकते. बाजारात 5 गिगाहर्ट्झच्या, घराबाहेर लावायच्या तयार जोड्या मिळतात, त्याच घ्या.

समोरच्या डिशचा पाइप नुसता दिसला म्हणून भागत नाही. किलोमीटरच्या लिंकला मधोमध, सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी साडेतीन मीटरची जागा मोकळी लागते. तेवढ्यात आंब्याचा शेंडा किंवा द्राक्षाच्या मांडवाच्या तारा आल्या की सिग्नल मार खातो. ओली पानं तर फारच. म्हणून पाइप मांडवापेक्षा बराच उंच घ्या.

डिश फिरवताना सिग्नलच्या आकड्याचा पहिला चढ सापडला की लगेच नट आवळू नका. मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोतही असतात, तिथेही आकडा वर जातो. डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून सगळ्यात मोठा चढ शोधा, मग तसंच वर-खाली. उणे 60 डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आसपास आकडा आला की पुरे.