पाठीवरचे ग्रॅम : अल्ट्रालाइट सामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सॅक हलकी करायची आहे. टायटॅनियमचा चमचा, टायटॅनियमचा मग असं एकेक घ्यायला लागू का?

चमच्यापासून सुरुवात करू नका. साधा प्लास्टिकचा चमचा १० ग्रॅमच्या आसपास भरतो, टायटॅनियमचा बहुधा त्याहून जडच असतो. आधी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, सॅक पूर्ण रिकामी करा आणि एकूण एक वस्तू तोलून लिहून काढा. रिकाम्या पिशव्या आणि दोऱ्यासुद्धा सोडू नका. या बेरजेतून अन्न, पाणी आणि इंधन वगळलं की उरतं ते बेसवेट. ते साधारण साडेचार किलोच्या, म्हणजे १० पौंडांच्या आत आलं की सामानाला अल्ट्रालाइट म्हणायची पद्धत आहे.

यादी लिहिली की दिसेल, निम्मं वजन चारच वस्तूंचं आहे : सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट. दोन किलोची सॅक, अडीच किलोचा तंबू आणि दीड किलोची स्लीपिंग बॅग इथेच सहा किलो झाले. याच कामाची हलकी सॅक ८०० ग्रॅमची, तंबू ८०० ते ९०० ग्रॅमचा आणि क्विल्ट, म्हणजे खालची बाजू नसलेली ट्रेकिंगची रजई, ६०० ग्रॅमचं मिळतं. तिथे साडेतीन किलोंहून जास्त वाचतात. चमच्यात पाच ग्रॅमही वाचत नाहीत.

सॅक मात्र सगळ्यात शेवटी बदला. बाकीचं सामान किती जागा घेतं आणि किती भरतं हे कळल्याशिवाय सॅक निवडता येत नाही. फ्रेम (पाठीला ताठ ठेवणारा सांगाडा) नसलेली सॅक अन्नपाण्यासकट आठ-नऊ किलोपर्यंतच सुखाची. त्यापुढे पाठीचा भाग मधेच दुमडतो, कमरपट्ट्यापर्यंत भार पोचत नाही आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. फोमची मॅट घडी करून पाठीच्या बाजूला उभी सरकवा आणि सॅक ठासून भरा. तीच मग फ्रेमचं काम करते. ढिली भरलेली फ्रेमलेस सॅक पाच किलोलाही खांदे दुखवते.

प्रश्न : स्लीपिंग बॅगऐवजी शून्य अंशांचं डाऊन (पिसांचं) क्विल्ट घेतलं. रात्री पाच-सहा अंश असतानाही खालून गारठा लागला. क्विल्ट खराब आहे का?

क्विल्टला दोष देण्याआधी मॅट पाहा. अंगाखाली दबलेल्या पिसांमधली हवा निघून जाते आणि हवा नसली की ऊबही नसते. म्हणून तर क्विल्टला खालची बाजूच ठेवलेली नसते. खालचं सगळं काम मॅटचं. मॅट उष्णता किती अडवते हे तिचं आर-मूल्य सांगतं. घडीच्या फोम मॅटचं ते २ च्या आसपास असतं. ती उन्हाळ्याला पुरते, पण जमीन गार झाली की अपुरी पडते. गोठणबिंदूच्या आसपास ४ तरी हवं, बर्फावर ५ च्या वर. आणि आर-मूल्यांची बेरीज होते! हवेच्या मॅटखाली पातळ फोम अंथरला तर दोन्हींची मूल्यं मिळवायची. हवेची मॅट रात्री पंक्चर झाली तर तोच फोम तुम्हाला सकाळपर्यंत नेतो.

दुसरं कारण कडेने शिरणारा वारा. क्विल्टबरोबर येणारे लवचीक पट्टे बरेच जण घरी ठेवून जातात, आणि तिथेच चुकतं. ते पट्टे मॅटभोवती बांधून क्विल्टच्या कडा त्यांना अडकवल्या की कुशीवर वळतानाही फट पडत नाही. क्विल्टला टोपी नसते, तेव्हा कान झाकणारी उबदार टोपी याच हिशेबात धरा. क्विल्टवर छापलेलं तापमान अनेकदा आरामाचं नसून जेमतेम निभावण्याचं असतं. अपेक्षित किमान तापमानापेक्षा पाच-सहा अंश खालचं घ्या. तोंड आत घेऊन मात्र झोपू नका. श्वासातली वाफ पिसांत मुरते, पिसांचे गोळे होतात आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री क्विल्ट बरंच चपटं झालेलं असतं.

प्रश्न : ट्रेकिंग पोलवर (चालायच्या काठीवर) उभा राहणारा सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा, तंबू संध्याकाळी ताठ असतो, पावसात मध्यरात्री लोंबतो. खुंट्या नीट ठोकलेल्या असतात.

खुंट्यांचा दोष नाही. नायलॉन पाणी शोषतं आणि सैल पडतं. पॉलिएस्टर बरंच कमी सैलावतं, डायनीमा कॉम्पोझिट (मजबूत धाग्यांचं, पातळ थरांचं हलकं कापड) जवळजवळ नाहीच. उपाय सोपा आहे : अंथरुणात शिरण्याआधी सगळ्या दोऱ्या एकदा पुन्हा ताणा आणि मध्यरात्री लोंबला तर बाहेर न जाता आतूनच पोल एक-दोन सेंटिमीटर लांब करा. तेवढ्याने कापड पुन्हा ताठ होतं. पोलची लांबी अडकवणारी कळ पक्की आहे ना हे दिवसाच तपासून ठेवा, नाहीतर पोलच हळूहळू खाली बसतो आणि दोष कापडाला दिला जातो.

डायनीमाचा तंबू वजनाला फारच हलका, पण घासण्याला आणि टोचण्याला कमजोर. कोंबून भरण्यापेक्षा गुंडाळून ठेवला तर जास्त टिकतो. छिद्र पडलं तर त्याच कापडाची चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा. सिलनायलॉनवर साधी चिकटपट्टी धरत नाही, तिथे सिलिकॉनच लागतं. नव्या सिलनायलॉन तंबूच्या शिवणी बंद केलेल्या आहेत की नाहीत हे पहिल्या पावसाआधी विचारून घ्या. बऱ्याचदा नसतात.

प्रश्न : स्पिरिटचा स्टोव्ह की गॅस?

दिवस मोजा. अर्धा लिटर पाणी उकळायला वारा नसताना गॅस सात-आठ ग्रॅम लागतो, स्पिरिट १५ ते २० मिलिलिटर. म्हणजे स्पिरिट दुप्पट खातं. पण १०० ग्रॅम गॅसबरोबर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा लोखंडी डबाही उचलावा लागतो. स्पिरिटला पातळ बाटली पुरते आणि बर्नर १५ ग्रॅमचा. रोज दोनदा उकळायचं धरलं तर पाच-सहा दिवसांपर्यंत स्पिरिट हलकं, पुढे गॅस.

आमचा कल तरीही गॅसकडे आहे, कारण तो चावी फिरवून बंद करता येतो. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला असं समजून गरम बर्नरमध्ये पुन्हा ओतलं की भडका उडतो. कोरड्या मोसमात चावी नसलेल्या स्टोव्हला अनेक जंगलांत मनाईही असते. गॅसला वाऱ्याचा आडोसा करताना तो डब्याभोवती गच्च गुंडाळू नका. डबा तापतो आणि फुटू शकतो. थंडीत डब्यातला साधा ब्यूटेन वायू शून्याच्या आसपासच वाफ देणं थांबवतो. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत वाफ देतो, प्रोपेन त्याहून कितीतरी खाली. डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या. कुठलाही स्टोव्ह बंद तंबूत लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर फार हळू चालतोय. फेकू का?

आधी स्वच्छ पाण्याने उलटा, जोर लावून धुवा. नुसतं संथपणे पाणी सोडून गाळ निघत नाही. तरीही अडलं तर क्षार बसले असतील. फिल्टर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा, मग पुन्हा उलटा धुवा. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि कापडातून गाळून घ्या.

पण फिल्टर ओला असताना एकदा गोठला असेल तर फेकाच. बर्फ फुगतो, तंतू चिरतात आणि ते बाहेरून दिसत नाही. गारठ्यात तो पिशवीत घालून रात्री क्विल्टमध्ये घ्या. ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांतून विषाणू सुटतात. वस्तीखालच्या ओढ्याचं पाणी असेल तर गाळल्यावर क्लोरीन डायऑक्साइडची गोळी टाकून अर्धा तास थांबा. नुसत्या गोळीला क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी मारायला चार तास लागतात. फिल्टर तो आधीच अडवतो, म्हणून ही जोडी चांगली.

प्रश्न : ५० ग्रॅमच्या आतबाहेरची तुमची सगळ्यात आवडती वस्तू?

सॅकच्या आत लावायची जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. बाहेरचं रेनकव्हर पाठीकडून भिजणारं पाणी अडवत नाही आणि वाऱ्यात उडूनही जातं. आतली पिशवी तोंडाशी पीळ देऊन खाली दुमडली की सॅक ओढ्यात पडली तरी क्विल्ट कोरडं राहतं. ती पंक्चर झालीय का हे बघायला हवा भरून गालाजवळ दाबा, गळती कातडीला लगेच कळते. दुसरी आवडती म्हणजे पाण्याची साधी रिकामी लिटरची बाटली : ३०-४० ग्रॅम, तर जाड प्लास्टिकची ट्रेकिंगची बाटली १८० च्या आसपास. बऱ्याच फिल्टरचे आटे या साध्या बाटलीवर थेट बसतात. उकळतं पाणी मात्र तिच्यात ओतू नका, ती आकसते.