'कायजाले गाठ' आणि कार्सिनॉइड: काळीज नेमकं कोणतं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातून आला आहे: वडिलांच्या दवाखान्याच्या कागदावर 'कार्सिनॉइड हार्ट डिसीज' असं लिहिलंय. गावात सगळे 'कायजाले (काळजाला) गाठ झाली' म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि मराठीत याला म्हणायचं काय?

गाठ बहुधा काळजालाच असते, पण ते काळीज वेगळं. घोळ तिथेच आहे.

'काळीज' हा शब्द संस्कृत 'कालेय'वरून आला, आणि कालेय म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की आजही यकृतच मिळतं. बोलीत मात्र काळीज धडधडतं, काळजात धस्स होतं, म्हणजे तिथे ते हृदय झालं. एरवी या दुहेरी अर्थानं कुणाचं काही बिघडत नाही. या आजारात बिघडतं, कारण इथे दोन्ही काळजं गुंतलेली असतात, आणि गाठ एकाला तर नुकसान दुसऱ्याला.

मूळ गाठ बहुतेकदा लहान आतड्यात असते. ती सेरोटोनिन नावाचं द्रव्य स्रवते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथे हे द्रव्य मोडलं जातं, म्हणून बरेच दिवस काही कळत नाही. गाठीचं बीज यकृतात रुजलं की तिथल्या गाठींचा स्राव गाळणीतून न जाता थेट यकृताच्या शिरांत उतरतो आणि महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला पोचतो. तिथल्या दोन झडपांवर, त्रिदल झडप आणि फुप्फुसाकडे जाणारी झडप, पांढरट तंतुमय थर चढतो. झडपा जाड होतात, आखडतात आणि अर्ध्या उघड्या राहतात. पुढे फुप्फुसात सेरोटोनिन पुन्हा मोडलं जातं, म्हणून डावी बाजू बहुधा वाचते. थोडक्यात, हृदयात बहुधा गाठ नसते. गाठीच्या रसानं झडपा निकामी होतात.

शेतकऱ्याला हे समजावायला विहिरीतला फूटव्हॉल पुरे. तो नीट बसला नाही की पाइपातलं पाणी खाली उतरतं. त्रिदल झडप बसली नाही की रक्त मागे फिरतं, मानेच्या शिरा फुगतात, पायांवर सूज येते, पोटात पाणी होतं. 'झडप' हा शब्द म्हणूनच चपखल आहे. 'पडदा' तेवढा वापरू नका. 'पडद्याला भोक' म्हणजे हृदयाच्या दोन बाजूंमधल्या भिंतीला भोक, आणि या आजारात तो मुद्दा वेगळाच महत्त्वाचा आहे: वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र राहिलं असेल, तर स्राव फुप्फुस चुकवून डावीकडे जातो आणि तिकडच्या झडपाही बिघडतात. झडपेला पडदा म्हटलं की या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात.

'ब्लॉकेज' हाही शब्द इथे नको. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्याचा हा आजार नव्हे. तेलतूप बंद केल्यानं या झडपा सुधारत नाहीत.

आता 'कार्सिनॉइड'. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झीगफ्रीड ओबर्नडोर्फर यांनी 1907 साली हा शब्द रूढ केला. ग्रीक 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, आपला कर्क. शेवटचं 'ऑइड' म्हणजे 'सारखा दिसणारा'. मराठीत 'कर्काभ' किंवा 'कर्कसदृश' सहज होईल. पण मला हे दोन्ही पटत नाहीत, कारण ऐकणारा 'कॅन्सरसारखा, म्हणजे कॅन्सर नाही' असा अर्थ काढतो. या गाठी निरुपद्रवी असाव्यात असं ओबर्नडोर्फरनाही आधी वाटलं होतं. 1929 मध्ये त्यांनी स्वतःच मत बदललं. गाठी सावकाश वाढतात, पण पसरतात. आताचं नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. 'चेता-अंतःस्रावी गाठ' हा प्रतिशब्द अचूक आहे, बोजडही आहे.

'कॉम्प्लिकेशन'ला वर्तमानपत्रं 'गुंतागुंत' लिहितात. आयुर्वेदाचा जुना शब्द 'उपद्रव' याहून नेमका: मूळ रोगातून मागाहून उठलेला दुसरा त्रास. आपल्याकडे उपद्रव म्हटलं की रानडुकरं आठवतात, त्याला इलाज नाही. तरी 'गाठीचा हृदयावरचा उपद्रव' ही रचना कारण आणि परिणाम दोन्ही सांगते, जे 'गुंतागुंती'ला जमत नाही.

घरी सांगायला हे वाक्य पुरेल: 'आतड्यातली गाठ लिव्हरमध्ये पसरली आणि तिच्या रसानं हृदयाच्या झडपा आखडल्या.'

तपासणीच्या कागदावर 'पाच एचआयएए' असेल. सेरोटोनिन मोडून जे उरतं, ते चोवीस तासांच्या लघवीत मोजतात. इथे 'चोवीस तासांची' या शब्दांनी फसगत होते. सकाळची पहिली लघवी टाकायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी धरायची. डब्यात आम्ल घातलेलं असू शकतं, ते ओतून डबा धुऊ नका. आधीचे दोन-तीन दिवस केळी (म्हणजे आपली केयी), अननस, टमाटे, वांगी, अक्रोड बंद. नाहीतर आकडा खोटाच वाढतो. खोकल्याच्या काही औषधांनी आणि पॅरासिटॅमॉलनंही तो चुकतो, म्हणून चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. झडपांसाठी मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) लागते.

एक ठिकाण असं आहे जिथे भाषांतर अजिबात करू नये. दात काढायचा असो, हर्नियाचं ऑपरेशन असो, भूल देणाऱ्याला 'काळजाचा आजार' सांगितलात तर तो नेहमीच्या हृदयविकाराची तयारी करील. 'कार्सिनॉइड' असाच शब्द उच्चारा, कागद पुढे करा. अशा रुग्णात भूल किंवा अ‍ॅड्रिनलिन यांमुळे गाठी एकदम स्राव सोडू शकतात, चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, आणि त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड हे स्राव रोखणारं औषध आधीपासून हाताशी लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात ते ऐन वेळी मिळेल असं धरून चालू नये.