प्रयोग त्यांचा, पहारा तुमचा

‘आता कामं मिळायला लागलीयत. पण मी लक्ष ठेवलं नाही, तर पुन्हा सुरू करतील.’ नवऱ्याची दारू सुटल्यावर पहिल्या वर्षात जवळजवळ प्रत्येक बायको हे बोलून दाखवते. नवरा बँकेत असो, रिक्षा चालवत असो की नाटकात. नटांच्या आणि गायकांच्या घरी याला आणखी एक शेपूट असतं: ‘आणि बाहेर सगळ्यांना वाटतं, मीच कजाग आहे.’

पुढची हकिकत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या अशा अनेक घरांची मिळून केली आहे. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. व्यावसायिक नाटकातला पन्नाशीचा नट. एके काळी त्याच्या नावावर बुकिंग व्हायचं. मग तिसऱ्या घंटेला शोधाशोध, चुकलेल्या एन्ट्र्या, एक रद्द झालेला प्रयोग, आणि पुढे काही वर्षं कुणी विचारलंच नाही. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. एका तरुण दिग्दर्शकाने हट्टाने मोठी भूमिका दिली. बाई प्रत्येक दौऱ्याला सोबत. बसमध्ये शेजारची सीट त्यांची, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा वास त्या घेणार, नाइटचं, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट त्यांच्या हातात. निर्मात्याशी भांडायचं कामही त्यांच्याकडेच.

‘कशावरून भांडलात?’

‘एका दिवशी दोन प्रयोग लावले. ह्यांना झेपत नाही.’

‘हे त्यांनी निर्मात्याला सांगितलं?’

‘ते कसले सांगतायत! त्यांना वाईटपणा घेता येत नाही.’

मी नवऱ्याकडे वळले. ‘तुम्हाला विचारलं तेव्हा काय म्हणालात?’

‘म्हटलं, चालेल की. हिलाच जरा काळजी असते.’

ज्यांनी १९५४चा ‘द कंट्री गर्ल’ पाहिलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. क्लिफर्ड ओडेट्सच्या १९५०च्या नाटकावरून जॉर्ज सीटनने तो केला. बिंग क्रॉस्बीने उभा केलेला फ्रँक एल्गिन हा उतरती कळा लागलेला गायक-नट. दिग्दर्शक बर्नी डॉडपुढे त्याला सगळं मान्य असतं. खोलीवर परतला की कुरकुर सुरू, आणि ती कुरकुर घेऊन बर्नीकडे जायचं त्याच्या बायकोने, जॉर्जीने. त्यावर फ्रँकने बर्नीला सांगून ठेवलेलं असतं की पिते ती, जीव द्यायला निघाली होती तीही तीच. वास्तवात दोन्ही त्याचंच. बर्नी या थापेवर विश्वास ठेवतो आणि बोस्टनहून जॉर्जीला परत पाठवायला निघतो.

हा सिनेमा मी जोडप्यांना मुद्दाम बघायला सांगते. आपल्याकडे नवऱ्याच्या दारूचा विषय निघाला की गडकऱ्यांची सिंधू आठवते. सोसणारी, न बोलणारी. तिच्यासाठी थिएटर रडतं. जॉर्जी चिडते, टोचून बोलते, म्हणून तिचं खरं कुणाला वाटत नाही. ग्रेस केलीला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते या कोरडेपणासाठी मिळालं असं मला वाटतं. रागावलेल्या बायकोच्या वाट्याला सहानुभूती कमीच येते.

मी एकट्या माणसाकडे बघत नाही, घरातली वाटणी बघते. या घरात गोडवा सगळा त्याच्याकडे गेला होता आणि कडवटपणा सगळा तिच्याकडे. पहारा हाही त्याच वाटणीचा भाग. बायको राखण करते तोवर नवऱ्याला स्वतःची राखण करावी लागत नाही. घसरला, तर तिचं लक्ष कमी पडलं. टिकला, तर तिच्यामुळे. त्याच्या हातात काहीच उरत नाही, आणि ज्याच्या हातात काही नाही तो माणूस रंगमंचावर किती काळ उभा राहील? दारू सोडणं त्याच्या मालकीचं होत नाही तोवर पुनरागमन उसनंच.

सिनेमात फ्रँककडे एक कारण आहे. फोटोसाठी उभं राहताना त्याने लहान मुलाचा हात सोडला आणि मूल गाडीखाली गेलं. दुःख शंभर टक्के खरं, त्यामागे लपणंही तितकंच खरं. आमच्या नटाकडेही असं एक दुःख होतं. ते मी नाकारलं नाही. फक्त त्या दिवशी निर्मात्याला फोन लावायला सांगितला. तिथेच, समोर बसून.

फोन लागला. ‘हं, नमस्कार. ते... हिचं म्हणणं असं आहे की...’ मी हात वर केला. बाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो थांबला. कपाळावर घाम. मग म्हणाला, ‘मला झेपत नाही. रविवारी एकच प्रयोग करीन.’ पलीकडून आवाज आला, ‘अहो, मग आधी बोलायचं ना!’

फोन ठेवल्यावर बाई रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘एवढंच होतं?’ बऱ्याच बैठका या एका फोनपाशी आणण्यात गेल्या होत्या, आणि तो वेळ सार्थकी लागला असं मी मानते.

त्यानंतरचं काम रोजचं, पण नेमकं. सगळ्यात धोक्याचा वेळ प्रयोग संपल्यानंतरचा तासभर. अंगात तरतरी असते, पोट रिकामं, टाळ्या कानात, आणि सगळी मंडळी ‘बसायला’ निघालेली. म्हणून डबा मेकअप रूममध्येच ठेवायचा आणि मेकअप उतरवला की लगेच जेवायचं. कंपनीतल्या एका माणसाला आपली परिस्थिती सांगायची, तो माणूस नटाने निवडायचा, सांगायचंही त्यानेच. प्रयोग चांगला झालेली रात्र वाईट रात्रीइतकीच जपायची. मानधन थेट खात्यात. पाकीट बायकोने घ्यायचं बंद.

खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं. लेबल त्याने वाचायचं आणि डॉक्टरांना ‘मला दारूचं व्यसन होतं’ हे त्यानेच सांगायचं. दारू सुटलेली राहावी म्हणून डायसल्फिरामची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती त्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने. जेवणात गुपचूप मिसळणं हा घरोघरचा उद्योग आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. वर दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकतं.

बाईंनी काय करायचं? त्यांनी एक दौरा सोडला, घरी राहिल्या, आणि संध्याकाळी काय करायचं ते सुचेना. हे होतंच. नवरा कामाला लागतो आणि बायकोचं काम जातं. अल-अ‍ॅनॉन ही व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांची संघटना १९५१पासून आहे. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांतही कुटुंबीयांसाठी गट चालतात. नवरा सुधारला तरी तिथे जात राहा. घरात मारहाण असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि आधी १८१ ही महिला हेल्पलाइन लावा.

तो एकदा घसरलाही, बाहेरगावी, एका उत्तम प्रयोगानंतर. पहाटे त्याने आधी ए.ए.मधल्या (दारू सोडलेल्यांचा गट, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) मित्राला फोन केला, मग दिग्दर्शकाला, मग घरी. बाईंनी ‘पोट बिघडलंय’ असं कुणाला कळवलं नाही. एखाद्या रात्रीची घसरण त्याच दिवशी बोलून टाकली तर सावरता येते. पण रोजचं पिणं पुन्हा सुरू झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम. अशा वेळी थेट रुग्णालयात न्या. कुठे न्यायचं हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६.