स्कॅनरवरचा मोबाइल नंबर

प्रश्न : वेळणेश्वरला आमची घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. पडवीत पैसे घेण्यासाठी स्कॅनर लावलाय. मे महिन्यापासून अनोळखी लोकांचे फोन येतात, तेही पूर्ण नावानिशी. स्कॅनरखालचा नंबर पट्टीने झाकला, तरी फरक नाही.
– एक वाचक भगिनी, ता. गुहागर

उत्तर : पट्टीने काही होणार नाही. यूपीआय आयडी त्या काळ्या ठिपक्यांतच भरलेला असतो. पैसे दिले की तो पाहुण्याच्या व्यवहारांच्या यादीत जाऊन बसतो. तुमचा आयडी मोबाइल नंबरावरून बनलेला दिसतो. म्हणजे आल्यागेल्या प्रत्येकाकडे नंबर पोचला. सोबत बँकेतलं नावही, आणि ते लपवता येत नाही.

ॲपमधल्या तुमच्या प्रोफाइलमध्ये यूपीआय आयडीची सेटिंग असते. तिथे नंबर नसलेला नवा आयडी घ्या. जन्मसालही त्यात नको. दुसऱ्या फोनवरून 1 रुपया पाठवून बघा, मगच नवा कोड छापा. (लॅमिनेट कराच, खाऱ्या हवेत साधा कागद पावसाळा काढत नाही.) जुना आयडी मात्र घाईने बंद करू नका. पडवी, गेट, नारळ-कोकमाचं टेबल, जिथे जिथे जुना कोड चिकटवलाय तिथून तो आधी उतरवा. नाहीतर पाहुणा स्कॅन करत राहील आणि पैसे जाणारच नाहीत.

‘यूपीआय नंबर’ (आयडीऐवजी टाकता येणारा नुसता आकडी नंबर) म्हणून मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर तोही काढा. हवा तर 8 किंवा 9 आकडी वेगळा नंबर घेता येतो. आणि खोल्यांच्या बुकिंगसाठी दुसरं सिम घ्याच. बँकेला जोडलेला नंबर रस्त्यावरच्या पाटीवर रंगवणं आम्हाला मुळीच पटत नाही.

नाव माहीत असलेला माणूस ओळखीचाच वाटतो, म्हणून एक खूणगाठ बांधा : ‘चार खोल्यांचा ॲडव्हान्स पाठवतोय, तुमचा पिन टाका’ म्हणणारा चोर आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. टाकून बसलात, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : मासळीचे पैसे भरले की व्यापारी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला सांगतो. टाकावा का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नको. त्यात दोघांची नावं, आयडी, बऱ्याचदा खात्याचे शेवटचे आकडेही असतात. व्यवहाराच्या तपशिलातला 12 आकडी यूटीआर नंबर त्याला एकट्याला पाठवा. तेवढ्यावरून तो आपल्या खात्यात जमा ताडून बघू शकतो. स्क्रीनशॉट तर खोटाही बनवता येतो.